‘पुढे’ बटणाविरुद्ध एक पत्रक

तुमच्या संगणकावर नवा प्रोग्राम टाकताना एक छोटी खिडकी उघडते. ती काहीतरी विचारते, तुम्ही न वाचता ‘पुढे’ दाबता. ती आणखी काही विचारते, तुम्ही पुन्हा ‘पुढे’ दाबता. मग ‘सर्व अटी वाचल्या असून मान्य आहेत’ असं धडधडीत खोटं कबूल करता आणि शेवटी ‘पूर्ण’ दाबून मोकळे होता. या खिडकीला सेटअप म्हणतात. गेली बरीच वर्षं नोएडातल्या एका छोट्या कंपनीत मी या सेटअपच्या मागे आहे. मी सेटअप बनवत नाही. सेटअप बनवणाऱ्यांना जे अवजार लागतं, ते आम्ही बनवतो. लग्नसमारंभात कुणी विचारलं की आई सांगते, “मुक्ता कॉम्प्युटरमध्ये आहे.” बाबा सांगतात, “पॅकिंगमध्ये आहे.” दोघांपैकी बाबांचं उत्तर जास्त खरं आहे.

या अंकात इतरांनी सीमेवरच्या आणि सचिवालयातल्या आठवणी लिहिल्या असतील. माझ्याकडे सांगण्यासारखी एकच लढाई आहे आणि ती एका बटणाविरुद्ध होती. ज्या बाजूनं मी लढले ती बाजू जिंकली नाही. बरं झालं.

आधी धंदा समजावून सांगते. आमचं घर आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे लहानपणी दिल्ली, नागपूर, पुन्हा दिल्ली, आणि दिल्लीतल्या दिल्लीतही बढती झाली की वेगळं क्वार्टर. सामान बांधायचं खातं आईकडे. तिच्याकडे बघून मला फार लवकर कळलं होतं की वस्तू खोक्यात कोंबणं म्हणजे पॅकिंग नव्हे. कुठली वस्तू नव्या घरात कुठे जाणार, कुठली सगळ्यात आधी लागणार, कुठली शेजाऱ्यांची आहे आणि परत द्यायची आहे, निघताना भिंतीतले खिळे काढायचे की राहू द्यायचे, हे सगळं आधी ठरलेलं असणं म्हणजे पॅकिंग. आमच्या वरच्या मजल्यावरचं एक कुटुंब क्वार्टर सोडताना खिळे, बल्ब आणि नळाच्या तोट्यासुद्धा काढून घेऊन गेलं. त्यांच्यानंतर आलेल्या मंडळींनी दिल्लीतली पहिली आंघोळ आमच्या न्हाणीघरात केली.

प्रोग्रामचंही हेच. त्याच्या फायली म्हणजे सामान. पडद्यावर दिसणारं छोटं चित्र म्हणजे दारावरची पाटी. काही फायली शेजारचे प्रोग्रामही वापरत असतात, त्या उचलून नेल्या तर शेजाऱ्याचा संसार बंद पडतो. आणि प्रोग्राम काढून टाकताना काय न्यायचं, काय ठेवायचं, हे तो टाकतानाच ठरवून ठेवावं लागतं. हे ठरवण्याचे दोन मार्ग आमच्या अवजारात होते. एक विझार्ड. म्हणजे एका मागोमाग एक येणाऱ्या खिडक्या. प्रत्येक खिडकी एकच प्रश्न विचारते, उत्तर द्या, ‘पुढे’ दाबा. दुसरा एडिटर. त्यात काही विचारणं नाही. डावीकडे सगळ्या विषयांचं झाड, उजवीकडे प्रत्येक विषयाचे तक्ते, सगळं उघडं, सगळं बदलता येण्याजोगं. विझार्ड म्हणजे पोस्टातली खिडकी: समोरचा विचारील तेवढंच बोलायचं. एडिटर म्हणजे काउंटर ओलांडून आत जाणं आणि सगळी कपाटं उघडी सापडणं.

मी कुणाच्या बाजूची असणार हे माझ्या जन्माआधीच ठरलेलं होतं. बाबा कर्मचारी संघटनेचे चिटणीस. आमच्या घरात वर्तमानपत्रापेक्षा पत्रकं जास्त. ‘साथियो!’ हा मला वाचता आलेला पहिला हिंदी शब्द. पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी गणितं सोडवली. पुढच्या बाजूला महागाई भत्ता, मागच्या बाजूला माझे भागाकार. दोन्हींमध्ये बाकी उरायचीच. दुपारी पत्रकांच्या घड्या घालायला बसलं की बाबा सांगत, “माणसाला सगळं दिसलं पाहिजे. ज्याला अर्धंच दाखवतात, त्याला अर्धंच देतात.” असं ऐकून वाढलेली मुलगी ‘पुढे’ बटणाला कशी मान डोलावणार? त्या बटणात मला साहेबाचा आवाज ऐकू यायचा: जास्त प्रश्न नकोत, पुढे चला.

आणि नेमका त्याच बटणावरून आमच्या कंपनीत पेच पडला. आमचे मालक टंडन सर. मूळचे पंजाबी, जन्म करोलबागेचा, आवाज लग्नाच्या बँडचा. त्यांनी एके दिवशी सगळ्यांना बोलावून सांगितलं की अवजाराची नवी आवृत्ती काढायची आहे, आणि विझार्ड व एडिटर दोन्ही नव्यानं लिहायला आपल्याकडे माणसं नाहीत.

“एक रखो,” सर म्हणाले, “और मेरे खयाल से विझार्ड रखो. डेमो में लोग विझार्ड देखकर ही खुश होते हैं.”

मी बैठकीतच उभी राहिले. बरंच बोलले. विझार्ड माणसाला मूल समजतो, निवड देत नाही, निवडीचा भास देतो, वगैरे. सर शांतपणे ऐकून म्हणाले, “चलो, लंच करते हैं.”

दुसऱ्या दिवशी चहाच्या मशीनवर एक पत्रक चिकटलेलं होतं. ‘साथियो, विझार्ड हटाओ!’ खाली पानभर मजकूर. मी तो एका बैठकीत लिहिला होता आणि त्यातलं शेवटचं वाक्य मला आजही पाठ आहे: ‘जो आपको सिर्फ आगे जाने देता है, वह आपको कहीं नहीं ले जाता.’ टंडन सर कप हातात घेऊन ते पूर्ण वाचेपर्यंत उभे राहिले. आम्ही सगळे संगणकांच्या पडद्यांमागे डोकी खुपसून.

“अच्छा लिखा है,” ते म्हणाले. “लेकिन दस्तखत नहीं है. गुमनाम चिट्ठी पर मैं कोई कार्रवाई नहीं करता.”

मी उठले, त्यांच्याच खिशातलं पेन मागून घेतलं आणि सही केली. सरांनी पेन परत घेतलं, पत्रक तिथेच राहू दिलं. दुसऱ्या कुठल्या मालकानं हे केलं असतं का, मला माहीत नाही. दुसरीकडे मला बहुधा नवी नोकरी शोधावी लागली असती.

ते पत्रक चहाच्या वाफेनं वाकडं होत असतानाच शबाना मुलाणींचा फोन आला.

त्या आमच्या जुन्या ग्राहक. फरीदाबादला राहणाऱ्या, एकट्यानं प्रोग्राम लिहून विकणाऱ्या. त्यांचा प्रोग्राम वजनकाट्यांवर चालायचा. कारखान्याच्या फाटकाजवळ लोखंडी फलाटावर ट्रक चढतो, केबिनमधल्या संगणकावर वजन उमटतं, पावती छापली जाते, ती दाखवल्याशिवाय ट्रक बाहेर पडत नाही. आम्ही आधी हिंदीत बोलत होतो. त्यांनी सांगितलं ते असं: मानेसरच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात त्यांनी प्रोग्रामची नवी आवृत्ती पाठवली. तेव्हापासून एकाच क्रमांकाच्या दोन-दोन पावत्या निघताहेत, वेगवेगळ्या ट्रकांच्या. फाटकावरचे रखवालदार ट्रक अडवताहेत, चालक शिव्या देताहेत आणि स्टोअर्सच्या मॅनेजरनं बजावलंय की आठवड्याभरात निस्तरलं नाही तर हा प्रोग्राम काढून दुसऱ्या कंपनीचा लावू. तो कारखाना गेला, तर त्याच्याकडे बघून आलेले आसपासचे सगळे काटे जाणार.

“मैंने तो आपके विझार्ड से ही पैकेज बनाया था,” त्या म्हणाल्या आणि मग फोन बाजूला धरून स्वतःशीच पुटपुटल्या, “आता काय करू गं बाई.”

“तुम्ही मराठी?” मी ओरडलेच.

पलीकडे फोन पुन्हा कानाला लावल्याची खरखर. मग: “बार्शीची. अगं, मग इतका वेळ हिंदीत का मारतेयस मला?”

त्या क्षणी मी त्यांना शबानाताई म्हणायला लागले. पण खरं सांगायचं तर मला त्यांच्या काळजीपेक्षा आनंदच जास्त झाला होता. विझार्डनं केलेला अपराध, साक्षीदारासह! फोनवर निभलं असतं की नाही कोण जाणे, पण मी सरांना सांगितलं, “मैं खुद जाऊँगी.” सरांनी चहाच्या मशीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “हाँ हाँ, जाओ. सबूत लेकर आना.”

शबानाताई फरीदाबादहून आल्या, मी घरून. गुरुग्रामच्या मेट्रो स्टेशनवर भेटलो आणि पुढे मानेसरपर्यंत शेअर ऑटोत. मांडीवर लॅपटॉपची बॅग, त्यावर डबा. वाटेत त्यांनी आपली गोष्ट सांगितली. बार्शीहून दिल्लीला आल्या त्या यूपीएससीसाठी. बरीच वर्षं राजेंद्रनगरच्या खोलीत काढली. निवड झाली नाही. खोलीतल्या मैत्रिणीच्या भावाचा वजनकाटा होता, त्याच्यासाठी गंमत म्हणून एक छोटा प्रोग्राम लिहिला आणि तोच पुढे पोटाचा धंदा झाला.

“यूपीएससी पण विझार्डच गं,” त्या म्हणाल्या. “प्रिलिम्स, पुढे. मेन्स, पुढे. इंटरव्ह्यू, पुढे. फक्त त्यात बॅकचं बटण नसतं. आणि मधेच खिडकी बंद पडली की पहिल्यापासून.”

मला हे वाक्य माझ्या पत्रकासाठी फार आवडलं.

काट्याची केबिन म्हणजे एक छोटी पत्र्याची खोली. संगणकावर धुळीसाठी प्लास्टिकचं आवरण, इंटरनेट नाही, कारण कारखान्याचा नियम. दिवसपाळीचे ऑपरेटर चौधरीजी खुर्चीत. पडद्यावर तराजूची दोन चित्रं शेजारी शेजारी: एक पिवळा तराजू, एक निळा. पिवळा जुन्या आवृत्तीचा, निळा नव्या. नवी आली हे लोकांना कळावं म्हणून शबानाताईंनी हौसेनं रंग बदलला होता.

“दोनों चलाते हो?” शबानाताईंनी विचारलं.

“मैं पीला चलाऊँ सूँ,” चौधरीजी आपल्या हरयाणवीत म्हणाले. “साँझ आला सतबीर नीला चलावै. उसनै नीला पसंद सै. मन्नै के मतलब.”

उलगडा झाला: दिवसपाळीला पिवळा, संध्याकाळच्या पाळीला निळा. निळा प्रोग्राम पहिल्यांदा उघडल्यावर त्यानं सुरुवातीचा क्रमांक विचारला, सतबीरनं प्रामाणिकपणे पिवळ्याच्या पुढचा क्रमांक घातला. दुसऱ्या दिवशी चौधरीजींनी पिवळाच पुढे चालवला. तिथून दोघंही त्याच क्रमांकांवरून, आपापल्या पाळीत, निष्ठेनं चालत राहिले.

पण नवी आवृत्ती आली की जुनी आपोआप निघून जायला हवी. ती का गेली नाही? याचं उत्तर आमच्या धंद्यातल्या एका खास चुकीत आहे. प्रत्येक पॅकेजच्या, म्हणजे बांधून तयार झालेल्या सेटअपच्या, पोटात एक लांबलचक ओळख असते, तिला मी घराण्याचा क्रमांक म्हणते. नवं पॅकेज संगणकावर आलं की संगणक बघतो, याच घराण्याचं कुणी आधीपासून राहतंय का? राहत असेल तर जुन्याला जागा सोडायला लावतो. घराणं वेगळं असेल तर दोघंही सुखानं नांदतात, एका क्वार्टरमध्ये दोन बिऱ्हाडं. आणि आमच्या विझार्डमध्ये ‘नवं पॅकेज’ दाबलं की तो दर वेळी नवं घराणं जन्माला घालायचा. शबानाताईंनी नव्या आवृत्तीसाठी विझार्ड पहिल्यापासून चालवला होता. आमच्या मदतकक्षात ही तक्रार दुसऱ्या लोकांकडूनही यायची आणि आमचं उत्तर ठरलेलं असायचं: जुनं पॅकेज उघडा, एडिटरमध्ये फक्त आवृत्ती बदला.

तेच मी त्यांना म्हणाले. जरा जास्तच ठसक्यात म्हणाले. “तुम्ही जुनं पॅकेज का नाही उघडलंत? विझार्डनं फसवलं ना तुम्हाला!”

शबानाताईंनी डब्याचं झाकण लावलं. “उघडलं होतं की. उघडलं की तुमचा तो एडिटर येतो. डावीकडे झाड, उजवीकडे तक्ते. कुणाच्या तरी ऑपरेशन थिएटरमध्ये चुकून शिरल्यासारखं होतं. म्हणून बंद केलं आणि ‘नवं पॅकेज’ दाबलं. तो निदान विचारतो तरी.”

“पण एडिटरमध्ये सगळं दिसतं, ताई! लपवलेलं काही नाही.”

“दिसतं गं. आणि वाचताही येतं, मी काही अडाणी नाही. पण एवढ्या सगळ्यातलं आज मला नेमकं काय बघायला हवंय, ते कोण सांगणार? सगळं समोर मांडायचं आणि गप्प बसायचं, याला काय मदत म्हणतात? आमचे एक सर होते क्लासमध्ये. सगळी पुस्तकं टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, ‘अभ्यास करा.’”

चौधरीजी मराठीतलं हे भांडण मोठ्या आवडीनं ऐकत होते. “चाय मँगाऊँ?” त्यांनी विचारलं.

काम तर करायचंच होतं. दोन वेगवेगळ्या घराण्यांना एकदम बाहेर काढणारं पॅकेज बनवायचं, तर ते विझार्डमध्ये शक्य नव्हतं, तो प्रश्नच त्याच्या खिडक्यांत नव्हता. एडिटरमध्ये मात्र त्यासाठी एक तक्ता होता. शबानाताईंचा लॅपटॉप, त्यांचे हात, कारण उद्या दुसऱ्या काट्यावर मी असणार नव्हते. मी शेजारी स्टुलावर. आणि मग आपोआप मी एकेक विचारायला लागले. या मशीनवर आधी काय काय आहे? पिवळ्याचं घराणं कुठलं? निळ्याचं? नवं येईल ते कुणाच्या वंशातलं म्हणायचं? त्या उत्तर देत आणि मी दाखवीन त्या तक्त्यात लिहीत. थोड्या वेळानं त्या हसायला लागल्या.

“काय झालं?”

“काही नाही. तू विझार्ड झालीयस. फक्त ‘पुढे’ म्हण मधूनमधून.”

दोन्ही नोंदवह्या एकत्र करायचं काम त्यांनी तिथेच बसून नव्या आवृत्तीत घातलं. निळ्या पावत्यांच्या क्रमांकाला शेवटी एक अक्षर जोडून जुळी भावंडं वेगळी केली. नव्या तराजूचा रंग हिरवा. पिवळ्यात निळा मिसळल्यावर दुसरं काय होणार?

जेवणाच्या सुटीत ट्रक थांबले तेव्हा आम्ही पेनड्राइव्ह लावला. चौधरीजींनी माउस सोडायला नकार दिला. मशीन त्यांचं, सेटअप ते चालवणार. खिडकी उघडली, त्यांनी ‘पुढे’ दाबलं. अटी मान्य केल्या, ‘पुढे’. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “पुराणा सारा हट ज्यागा ना? जड़ तै?”

“जड़ से!” मी अभिमानानं म्हणाले. “कील तक नहीं छोड़ेगा.”

आणि माझ्याच तोंडचा तो खिळा ऐकून मला वरच्या मजल्यावरचं कुटुंब आठवलं. तोट्या नसलेले नळ आठवले. आणि आठवली आई. प्रत्येक बदलीत, ट्रक भरून खाली उभा असताना, ती रिकाम्या खोल्यांच्या दारात एकेकदा उभी राहायची आणि मोठ्यानं विचारायची, “इथलं काय न्यायचं राहिलं?” बाबा खालून हाका मारायचे, तरी प्रत्येक खोलीत विचारायचीच.

“ताई,” मी म्हणाले, “वजनांच्या नोंदी असतात कुठे?”

“पिवळ्याच्या पिवळ्याच्या फोल्डरमध्ये. निळ्याच्या निळ्याच्या.” एवढं बोलून त्यांचा चेहरा उतरला. आमच्या पॅकेजमध्ये सुरुवातीपासून ठरलेला क्रम होता: आधी जुनं बिऱ्हाड बाहेर, मग नवं आत. जुनं जाताना स्वतःचं फोल्डर मुळासकट घेऊन जाणार. नवं येऊन नोंदी शोधणार, तेव्हा तिथे नळाला तोट्या नसणार. कारखान्यानं त्या काट्यावर केलेलं प्रत्येक वजन गेलं असतं आणि त्याच्याबरोबर शबानाताईही.

आम्ही दोघींनी एकदम चौधरीजींच्या हाताकडे पाहिलं. बोट माउसवर होतं.

“रुको!” दोघीही ओरडलो.

पडद्यावर लिहिलेलं होतं: ‘आता काम सुरू करायचं का?’ अजून एक ‘पुढे’ बाकी होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला त्या बटणाबद्दल माया वाटली. ते थांबून विचारत होतं म्हणून आम्हाला थांबता आलं. शेजारीच ‘मागे’ होतं. चौधरीजींनी माझ्याकडे बघत ते दाबलं आणि म्हणाले, “मैडम, थारी शकल तो न्यूँ हो री सै जणु ट्रक पलट गया हो.”

आधी नोंदींची प्रत पेनड्राइव्हवर घेतली. ती खरं तर सकाळी पोचल्याबरोबर घ्यायला हवी होती, हे कुठल्याही शहाण्या माणसानं सांगितलं असतं. आम्ही दोघी घराणी मोजण्यात गुंग होतो. मग एडिटर उघडला. त्यात एका पानावर सेटअपची सगळी कामं एकाखाली एक, ज्या क्रमानं होणार त्याच क्रमानं मांडलेली असतात. ‘जुन्या नोंदी उचल’ ही ओळ शबानाताईंनी धरली आणि ‘जुनं काढ’च्या वर नेऊन ठेवली. बस, एवढंच. विझार्डमध्ये हा क्रम कधी दिसलाच नसता. म्हणजे माझं पत्रकही काही अगदी खोटं नव्हतं.

दुसऱ्यांदा सेटअप चालला. पिवळा तराजू गेला, निळा गेला, हिरवा आला. शबानाताईंनी जुन्यातली जुनी पावती शोधून काढली, मग कालची, मग सतबीरच्या पाळीतली. सगळ्या होत्या. बाहेर पहिला ट्रक फलाटावर चढला, पावती छापली गेली, रखवालदारानं ती उन्हात धरून दोन्ही बाजूंनी बघितली आणि फाटक उघडलं.

सतबीर पाळीवर आला तेव्हा आम्ही निघतच होतो. “यो हरा किसका सै?” त्यानं विचारलं.

“किसी का नहीं,” चौधरीजी म्हणाले. “नीला बी गया, पीला बी गया.” दोघंही सारखेच नाराज. आमच्या घरी याला यशस्वी तडजोड म्हणतात.

मॅनेजरनं शाबासकी दिली नाही. पावत्यांचा गठ्ठा चाळला आणि म्हणाले, “मैडम, दूसरे गेट पर भी काँटा लग रहा है. उसका भी आप ही देख लेना.” परतीच्या ऑटोत शबानाताईंनी मांडीवरचा डबा उघडून बघितला. मग एकदम म्हणाल्या, “डब्यात थोडी शेंगदाण्याची चटणी उरलीय, खाणार?” आम्ही ती चटणी बोटानं पुसून खाल्ली. बार्शीची होती. माझ्या कामाला आजवर मिळालेल्या दादींमध्ये तिचा नंबर पहिला.

संध्याकाळी घरी सगळं सांगितलं. आईला तिच्या प्रश्नानं काम वाचवलं हे सांगितलं तर म्हणाली, “मग? मी काय उगाच विचारायचे?” आणि भाजी चिरायला गेली. बाबांना मी ते पत्रक मोबाइलवर दाखवलं. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं.

“भाषा चांगली आहे,” ते म्हणाले. “पण मागणी कुठाय?”

“ही काय वर, ‘विझार्ड हटाओ’.”

“ती घोषणा झाली. मागणी म्हणजे समोरच्याला उद्या सकाळी करता येईल अशी गोष्ट.” मग त्यांनी मोबाइल परत दिला. “आणि मला सांग, तू इतकी ज्याच्यावर चिडलीयस, तो विझार्ड म्हणजे काय? एका वेळी एकच गोष्ट सांगायची, साध्या शब्दांत, आणि शेवटी काय करायचं ते सांगायचं. हो ना?”

“हो.”

“अगं, मग पत्रक म्हणजे दुसरं काय असतं?”

मी मोबाइलवरचं पत्रक पुन्हा वर-खाली करून पाहिलं.

“सेवानियमांचं जाडं पुस्तक आमच्या संघटनेच्या कचेरीत कायम उघडं असायचं,” ते म्हणाले. “कुणीही यावं, वाचावं. तेही हवंच. पण रोज किती जण येऊन वाचायचे? लोक पत्रक वाचायचे. त्यातल्या एखाद्याला शंका आली की तो कचेरीत यायचा, मग आम्ही त्याच्यासमोर पुस्तक उघडायचो. नुसतं पत्रक असतं तर लोकांनी आमच्यावर आंधळा विश्वास ठेवला असता. नुसतं पुस्तक असतं तर कुणी आलंच नसतं.”

ज्या कागदांच्या पाठीवर मी भागाकार शिकले, त्यांची पुढची बाजू मी नीट वाचलीच नव्हती म्हणायची.

दुसरं पत्रक मी फार हळू लिहिलं. त्यात घोषणा नव्हती. मानेसरची हकिगत चार ओळींत आणि खाली एकच मागणी: विझार्ड आणि एडिटर ही एकाच पॅकेजची दोन दारं असावीत. एकातून बाहेर पडलेल्याला दुसऱ्यातून आत जाता यावं आणि हवं तेव्हा परतही येता यावं. विझार्डच्या पहिल्या पानावर विचारलं जावं: हे नवं घराणं आहे की जुन्याचीच पुढची पिढी? आणि शेवटच्या पानावर: जुन्यातलं काय न्यायचं राहिलं? दोन्ही वेगवेगळे लिहायला माणसं नाहीत हे मान्य, पण विझार्डचं प्रत्येक पान म्हणजे एडिटरच्याच एखाद्या तक्त्यापुढे मांडलेला प्रश्न असेल, तर लिहायचं एकच आहे. खाली सही, या वेळी न मागता.

टंडन सर कप घेऊन उभे राहिले. वाचलं. पुन्हा वाचलं.

“ठीक है,” ते म्हणाले. “मान ली.”

“जी?”

“माँग मान ली, भई. काम शुरू करो.” आणि चहा घेऊन गेले.

मी तिथेच उभी. आमच्या घरात मागण्या केल्या जायच्या, फेटाळल्या जायच्या, समितीकडे जायच्या, पुन्हा केल्या जायच्या. मान्य झाल्यावर काय करायचं असतं, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.

त्या कामाला पुढे बराच काळ लागला, ते तपशील सोडून देते. एक खंत मात्र सोडून देता येत नाही. शबानाताईंनी फोन केला म्हणून त्या आम्हाला कळल्या. त्यांच्याआधी कितीतरी जणांनी एडिटर उघडून घाबरून मिटला असेल, ‘नवं पॅकेज’ दाबलं असेल, आणि काही बिघडल्यावर स्वतःलाच मूर्ख समजून आमचं अवजार कायमचं सोडलं असेल. त्यांच्यापैकी एकाचंही नाव मला माहीत नाही. मी जिच्या बाजूनं भांडत होते ती जनता हीच होती आणि मी तिला तक्ते दाखवत होते. त्या जनतेपैकी एकीनं मला शेअर ऑटोत बसवून शिकवलं, एका मालकानं माझं पत्रक चहाच्या मशीनवर राहू दिलं, आणि घरी दोन माणसं अशी होती की ज्यांच्या सवयींमधून आमच्या अवजाराची दोन दारं आणि शेवटची खिडकी निघाली. इतकं भाग्य भांडखोर माणसाच्या वाट्याला सहसा येत नाही.

नवी आवृत्ती बाहेर पडली त्या दिवशी शबानाताईंनी दुसऱ्या फाटकासाठी तिच्यातच पॅकेज बनवलं आणि फोन केला: “विचारलं गं त्यानं. पहिल्याच पानावर. मी म्हटलं, जुन्याचीच पुढची पिढी.” मग मी बाबांना कार्यालयात फोन लावला.

“बाबा, मागणी मान्य झाली. लागूसुद्धा झाली.”

“पुन्हा सांग,” बाबा म्हणाले. इतक्या वर्षांच्या चिटणिसाला हे वाक्य पचायला वेळ लागणारच.

“लेखी घेतलंस का?” त्यांनी विचारलं.

“पहिल्या पानावरच आहे,” मी म्हणाले. “कुणीही उघडून वाचावं.”